ब्राउझर अपडेट होईना तेव्हा

आज आमच्या गटाच्या जुन्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगते.

कर्जाचा अर्ज ऑनलाइन भरायला दोनच दिवस उरले होते आणि संकेतस्थळ उघडेना. 'ब्राउझर अपडेट करा' एवढंच दिसे. आम्ही क्रोम तीनदा उतरवून घेतलं, पण बसवायला गेलं की अडायचं. दिवसाचा डेटा संपला. एका दुकानदाराने सांगितलं, "ताई, नवीनच घ्या आता."

नवीन घ्यायच्या आधी थोडं बघू म्हटलं.

पहिल्यांदा कोपऱ्यातली तारीख पाहिली, तर २००९ साल! कॉम्प्युटरच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपलं प्रमाणपत्र दाखवतं आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. आपला कॉम्प्युटर २००९ मध्ये बसलेला, म्हणून त्याला वाटतं हे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. मग 'कनेक्शन खाजगी नाही' अशी लाल सूचना येते. सेल बदलला, तारीख नीट केली आणि निम्मी संकेतस्थळं उघडली. अर्जाचं मात्र उघडलं नाही.

मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून विनव्हर असं इंग्रजीत टाइप केलं. उत्तर आलं, विंडोज ७. इथेच सगळं कळलं. ब्राउझर म्हणजे खिडकीची चौकट आणि विंडोज म्हणजे भिंत. नवी चौकट जुन्या भिंतीत बसत नाही. विंडोज ७ वर चालणारं क्रोमचं शेवटचं रूप १०९ क्रमांकाचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं, त्याला किमान विंडोज १० लागतं. म्हणजे आम्ही तीनदा काय, तीस वेळा उतरवलं असतं तरी ते बसलं नसतं!

फायरफॉक्सचं ११५ क्रमांकाचं ईएसआर रूप, जुलै २०२३ चं, विंडोज ७ वर चालतं. ते त्यांच्याच मूळ संकेतस्थळावरून घेतलं आणि अर्जाचं पान उघडलं. पण क्रोम आधी काढलं नाही, हे बरं झालं. घाईघाईत काढलं असतं तर त्यात जपलेले पासवर्ड जाण्याची शक्यता होती. ते आधी वहीत उतरवा आणि वही कुलपात ठेवा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कुठल्यातरी पानावर 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे दाबा' अशी चौकट उडी मारून आली तर तिला हात लावू नका. खोटे अपडेट असेच घरात शिरतात.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्त्या देणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं. विंडोज १० चाही सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ज्यांच्याकडे तो आहे त्यांनीही बघून घ्या. आम्ही त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम बंद केलं. पैशाचे व्यवहार आता अध्यक्षताईंच्या नव्या फोनवर होतात, दोघीजणी समोर बसून. कॉम्प्युटरवर ठराव, हजेरी, हिशेबाचे तक्ते.

अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता गेला. पोचपावती छापून फाइलला लावली आहे.