पत्ता आठवला की…

स्टेशनच्या जिन्याखाली, दर्ग्याच्या वाटेवर, उड्डाणपुलाच्या खांबाला टेकून बसलेला तो माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. केसांच्या जटा, भर उन्हाळ्यात अंगावर तीन-तीन सदरे, हातात चिंध्यांचे गाठोडे आणि स्वतःशीच चाललेले बोलणे. कुणी त्याला वेडा म्हणून हाकलतो, कुणी मलंग समजून त्याच्यापुढे चहा ठेवतो आणि दुआ मागतो. दोघेही पुढे निघून जातात. या माणसाला गाव आहे, मायबोली आहे, आणि बहुधा एखादी आई अजून त्याची वाट पाहत आहे, हे दोघांच्याही मनात येत नाही.

मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याला एकदा रस्त्यात असाच एक तरुण दिसला. तो नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पीत होता. त्याला ते आपल्या दवाखान्यात घेऊन आले, आंघोळ घातली, औषधे सुरू केली. तो बरा झाला तेव्हा कळले की स्वारी विज्ञानाची पदवीधर आहे आणि वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत. असे आणखी रुग्ण येत गेले आणि १९८८ मध्ये ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. उभी राहिली म्हणजे इमारत नव्हे. बोरिवलीच्या त्यांच्या खासगी दवाखान्यात दोन-चार रुग्ण ठेवता येतील, एवढाच तो पसारा होता.

पुढे मोठी जागा मिळाली, तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. रस्त्यावर सापडलेल्या एका रुग्णाची ओळख पटली, तर ते मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकवणारे गुरुजी निघाले! शिकवणारा माणूसही फुटपाथवर येऊ शकतो, हे वाचून मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे असेल, बराच वेळ पान उलटू शकले नाही. चित्रकार मंडळींनी मग संस्थेसाठी चित्रांचे प्रदर्शन भरवले. त्या पैशांतून दहिसरला जागा झाली आणि १९९७ मध्ये तेथे २० खाटांचे केंद्र सुरू झाले. आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले, निकाल संस्थेच्या बाजूने लागला. २००६ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ १२० खाटांचे केंद्र झाले. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोवर सात हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी पोहोचली होती.

खाटा १२० आणि घरी गेलेले हजारो, हा हिशेब नीट पाहावा. आपल्याकडे यतीमखाना असो की वृद्धाश्रम, संस्था वाढली म्हणजे तेथे राहणारे वाढले असे धरले जाते. येथे उलट आहे. खाट जितक्या लवकर रिकामी होईल तितके काम चांगले.

कामाची रीत अशी. कार्यकर्ते रस्त्यावर त्या माणसाशी बोलतात, चहा-बिस्किटे देतात, विश्वास बसला की गाडीत घालून आणतात. केस कापणे, जखमा धुणे, स्वच्छ कपडे, आणि मग स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरचे औषधोपचार. काही आठवड्यांत बहुतेकांचे बोलणे ताळ्यावर येते. आधी नाव आठवते, मग गाव, मग कधी तालुका, कधी जवळचे स्टेशन. येथे बोली फार कामाला येते. उर्दू बोलणारा सगळाच लखनौचा नसतो. दखनीतले ‘नक्को’ ऐकले की शोध उत्तरेकडे न वळता हैदराबाद-कलबुर्गीकडे वळवावा लागतो, हे भाषा शिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पत्ता जुळला की कार्यकर्ता रुग्णाला सोबत घेऊन रेल्वेने त्याच्या गावी जातो. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, कधी थेट नेपाळ. काही घरांत तर माणूस मेला असे धरून सारे विधी उरकलेले असतात.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यांतले सगळेच आजारी नाहीत, बहुतेकांची अडचण गरिबी आणि भाडे हीच आहे. जे आजारी आहेत त्यांच्यासाठी मात्र नुसते छप्पर पुरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही जबाबदारी पोलिसांवरही टाकली आहे. असा भटकणारा रुग्ण आढळल्यास त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावे लागते. तो बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून गुन्हा-नोंदवहीत नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. मोहल्ल्यातल्या चार जाणत्या माणसांनी ठाण्यात जाऊन हे कलम १०० दाखवले तर काम पुढे सरकू शकते.

एक गोष्ट आपल्या घरांविषयी. घरातल्या कुणाला भास होऊ लागले की आपण ‘असर’ झाला म्हणतो आणि दर्ग्यावर नेऊन बसवतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळूही शकले नाहीत. २८ जण गेले. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाने दर्ग्यातच डॉक्टर बसू लागले, तेथील मुजावरही रुग्णांना त्यांच्याकडे पाठवू लागले. मला ही वाट जास्त पटते. दुआ कुणी थांबवायला सांगत नाही.

घरी परतलेला माणूस पुन्हा रस्त्यावर येण्याचे मोठे कारण साधे आहे: बरे वाटू लागले की गोळ्या बंद होतात. कधी पैसे नसतात, कधी शेजारी म्हणतात की या गोळ्यांनी डोके जड होते. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात औषधे मिळतात, तेथे नाव नोंदवून ठेवावे. रमजानमध्ये तर विशेष सांभाळावे लागते. महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून रोजा झेपेल का, गोळ्या सहरी-इफ्तारीला बसवता येतील का, हे विचारून घ्यावे, आणि ते नाही म्हणाले तर रोजा न ठेवण्याची रुग्णाला मुभा आहेच.