हवेंतील नत्र पिकांस कसा मिळतो ?

आपण ज्या हवेंत श्वासोच्छ्वास करितों तिच्या शंभर भागांपैकीं सुमारें ७८ भाग नत्रवायु असतो. तरीहि नत्र न मिळाल्यामुळें शेतांतील पिकें पिवळीं पडतात, हें कसें ? याचें कारण असें कीं, नत्राच्या रेणूंतील दोन परमाणु तिहेरी बंधानें एकमेकांस घट्ट धरून असतात. तो बंध तोडण्याचें सामर्थ्य पिकांच्या अंगीं नाहीं.

कारखान्यांत हें काम हेबर व बॉश यांच्या रीतीनें होतें. असा पहिला मोठा कारखाना १९१३ सालीं जर्मनींत ओप्पाउ येथें सुरू झाला. या रीतीस ४०० ते ५०० अंश सेंटिग्रेड उष्णता व हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो.

परंतु भुईमूग, तूर, हरभरा यांच्या मुळांवरील बारीक गांठींत हेंच काम निमूटपणें चाललेलें असतें. १८८६ सालीं हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें तें दाखवून दिलें. १८८८ सालीं हॉलंडांतील बायरिंक यानें गांठींतील जंतु वेगळे काढिले. या जंतूंच्या ठायीं जें विकर असतें त्यास नायट्रोजिनेज म्हणतात.

त्याचीं दोन अंगें आहेत. पहिल्या प्रथिनांत लोह व गंधक यांचा पुंजका असतो. विहिरीवर रांगेनें उभे राहून घागरी हातोहात द्याव्या, त्याप्रमाणें हें प्रथिन एकेक इलेक्ट्रॉन दुसऱ्यास देतें. दुसऱ्यांत लोह व गंधक यांच्या जोडीला मॉलिब्डेनम असतें. तेथें नत्राचा रेणु धरला जातो. आठ इलेक्ट्रॉन पोंचले म्हणजे अमोनियाचे दोन व हायड्रोजनचा एक रेणु तयार होतो. यासाठीं एटीपी या शक्तिदायक द्रव्याचे निदान १६ रेणु खर्चीं पडतात. ही शक्ति झाड आपल्या साखरेंतून पुरवितें. मोबदल्यांत त्यास नत्र मिळतो.

प्राणवायु लागला कीं हें विकर बिघडतें. म्हणून गांठींतील लेगहिमोग्लोबिन नांवाचें तांबडें द्रव्य त्या वायूस बांधून ठेवितें. विद्यार्थ्यांनीं भुइमुगाची एक गांठ कापून पाहावी : आंत गुलाबी असेल तर काम चालू आहे, हिरवट वा करडी असेल तर तें थांबलें आहे, असें समजावें.

पालकांसहि आमचें सांगणें आहे. अशा पिकास युरिया फार दिल्यास गांठी कमी धरतात. पैसा जातो आणि फुकटचा नत्रहि जातो. दाण्यांबरोबर बराच नत्र घरीं येतो खरा. तथापि तूर वा हरभरा काढतांना मुळें व पाला शेतांतच राहूं दिला, तर उरलेला नत्र पुढील ज्वारीच्या कामीं येतो.