हिरव्या पानातली नीळ

या पोट्टेहो, बसा. आज निळीच्या झुडपाची गोष्ट सांगतो. आपली तूर, हरभरा ज्या शेंगांच्या कुळातले, त्याच कुळातलं हे झुडूप. पानं बारीक, फुलं गुलाबी. निळं म्हणाल तर अंगावर काहीच नाही!

मग नीळ येते कुठून? पानात 'इंडिकन' नावाचं बिनरंगी द्रव्य असतं, साखरेशी बांधलेलं. ताजी झुडपं कापून हौदात पाण्याखाली दाबून ठेवली, की पानातलंच विकर ती साखर सोडवतं. पाणी हिरवट-पिवळं होतं आणि वास असा सुटतो, की नाक धरावं! मग ते पाणी दुसऱ्या हौदात घेऊन ताकासारखं घुसळायचं. हवेतला प्राणवायू मिसळला, की सुटे रेणू दोन-दोन जुळतात आणि फेसावर निळाई चढते. ही नीळ पाण्यात विरघळत नाही. तळाशी बसलेला गाळ वाळवला, की झाल्या निळीच्या वड्या.

"आबा, विरघळतच नाही, तर कापड कसं रंगतं?"

बरोब्बर विचारलंस. रंगारी माठात नीळ, चुना आणि गूळ घालून आंबवतो. त्यातले जीवाणू निळीला पुन्हा विरघळती करतात. बुडवलेलं कापड बाहेर येतं ते पिवळट-हिरवं, अन् हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं.

ग्रीकांनी या रंगाला 'इंडिकॉन' म्हटलं, म्हणजे हिंदुस्थानातलं. त्यावरूनच 'इंडिगो'. आपला 'नील' अरबांकडे 'अन्‌-नील' झाला, पोर्तुगिजांकडे 'आनिल'. पुढे १८४० च्या सुमारास फ्रित्शे नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं निळीपासून एक तेलकट द्रव मिळवला अन् त्याला नाव दिलं 'ॲनिलीन'. रंगांच्या कारखान्यात हे ॲनिलीन आजही वापरतात.

याच झुडपानं बिहारातल्या चंपारणच्या शेतकऱ्याला रडवलं. जमिनीच्या दर वीस कठ्ठ्यांतल्या तिनांत नीळ लावायची सक्ती होती. १९१७ साली गांधीजी तिथं गेले अन् ती सक्ती मोडीत निघाली. तेच गांधीजी १९३६ मध्ये आपल्या सेवाग्रामला राहायला आले. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ मध्ये त्यांच्याच हस्ते उघडलं. तिथं आता वनस्पतींच्या रंगांनी खादी रंगवतात.

मर्जीनं लावली, तर नीळ शेताला धार्जिणीच. मुळांच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि रंग काढून उरलेला चोथा खत म्हणून पुन्हा वावरात टाकता येतो.