लॅपटॉपचा हरवलेला खर्ज

काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो. त्याच्या मागे घुमणाऱ्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. बहुतेक लॅपटॉपमधले स्पीकर मात्र दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली उतरले की गळपटतात. म्हणजे लॅपटॉपवर ख्याल लावला तर गायकाचा मूळ षड्जच पुरता बाहेर पडत नाही. खर्जाची तार तर दूरच राहिली. तरीही गाणे बेसूर वाटत नाही, कारण मूळ स्वर गहाळ असला तरी त्याच्या वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो स्वतःच उभा करतो. बारीक स्पीकरवर गाणी ऐकणे शक्य होते ते या उपजत शक्तीमुळे. मात्र स्वर ओळखू येणे आणि त्याचे वजन अंगावर येणे यांत मोठे अंतर आहे. बाहेरून स्पीकर जोडायचा तो हे अंतर कापण्यासाठी.

तबल्यावर हे सर्वांत चटकन कळते. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले होते, की मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांच्या पुडीवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर मूळ नादाच्या पटीत येतात; साध्या चामड्याच्या ढोलात तसे होत नाही. त्यामुळे दायाँचा ‘ता’ लॅपटॉपवरही ठसठशीत वाजतो. डग्ग्याचे तसे नाही. मनगटाच्या दाबाने काढलेली त्याची मींड बरीचशी खालच्या पट्टीतच फिरते, आणि लॅपटॉपवर तिची नुसती थपथप उरते. जो स्पीकर डग्ग्याला न्याय देतो तो बाकी बहुतेक गोष्टींना देतोच. खरेदीच्या वेळी एवढी एक कसोटी हाताशी असली तरी पुष्कळ पैसे वाचतात.

आता हा खर्ज लॅपटॉपमधून निघत का नाही? कारण भौतिकशास्त्राचे आहे. स्पीकरचा कोन पुढेमागे हलून हवा ढकलतो. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली जायचे असेल तर चौपट हवा ढकलावी लागते. त्यासाठी कोन मोठा हवा, नाहीतर त्याची धाव लांब हवी. दोन बोटे जाडीच्या यंत्रात दोन्हींना जागा नाही. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ध्वनितंत्रज्ञ एक पोलादी नियम सांगतात: खोल खर्ज, लहान डबा आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. स्पीकरची कोणतीही जाहिरात वाचताना हा नियम आठवावा. तळहाताएवढ्या डब्यातून थिएटरचा बास देण्याचे वचन कुणी देत असेल, तर तिसरी गोष्ट कुठेतरी कापलेली असते.

काही लॅपटॉप याला बऱ्यापैकी अपवाद आहेत. ॲपलच्या सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये २०१९ पासून सहा स्पीकरची जुळणी आहे आणि त्यातले वूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, एकमेकांची थरथर मारतील असे पाठीला पाठ लावून बसवलेले आहेत. असे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याने हजार-दोन हजारांचा स्पीकर घेऊ नये. पदरात फारसे काही पडणार नाही.

बाजारात गेले की पहिली गाठ पडते ती वॅटशी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला पीएमपीओचा आकडा सरळ सोडून द्यावा. तो मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे तो शेकड्यांत, कधी हजारांतही जातो. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सलग पेलू शकेल तो आकडा. बरा निर्माता तो लपवत नाही. लॉजिटेकची झेड १२० ही छोटी जोडी १.२ वॅटची आहे, क्रिएटिव्हची पेबल ४.४ वॅटची, आणि कंपन्या ते आकडे तसेच छापतात. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरसाठी आणखी एक साधा हिशेब आहे. यूएसबी २.० चे पोर्ट नियमाप्रमाणे पाच व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देते, म्हणजे अडीच वॅट, ३.० चे साडेचार वॅट. एवढ्याच विजेवर चालणारा स्पीकर सलग वीस वॅट देईल हे शक्य नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो.

मुळात टेबलावर इतक्या वॅटची गरजच नसते. समजा एका स्पीकरची संवेदनशीलता ८५ डेसिबल आहे, म्हणजे एक वॅट दिल्यावर तो एक मीटरवर ८५ डेसिबल आवाज देतो. शक्ती दहापट घटवली की दहा डेसिबल उतरतात. म्हणून ७५ डेसिबलसाठी एक दशांश वॅट पुरतो, आणि ७५ डेसिबल हा नेहमीच्या बोलण्याहून बराच चढा आवाज झाला. पखवाजाची थाप किंवा तुतारी यांसारख्या अचानक उसळींसाठी हातचे राखून पाच-दहा वॅट असले की झाले. शिवाय वॅट दुप्पट केल्याने जेमतेम तीन डेसिबल वाढतात. दहा वॅटच्या जागी वीस वॅटचा स्पीकर घेणाऱ्याला एवढाच लाभ होतो. तेच पैसे मोठ्या कोनावर आणि जड डब्यावर घातले तर फरक पहिल्याच गाण्यात कळतो.

कमी पैशांत सगळ्यात शहाणा सौदा आहे तो दोन इंची कोनांच्या यूएसबी जोडीचा. पेबल हे त्याचे चांगले उदाहरण. कोन ४५ अंशांत वर वळवलेले असल्याने आवाज टेबलावर आपटून येण्याऐवजी थेट कानाकडे येतो, आणि मागच्या बाजूला वीज न लागणारा एक झिल्लीवजा कोन आहे, तो डब्यातल्या हवेच्या दाबाने हलून खालच्या स्वरांना हात देतो. बातम्या, व्याख्याने, ऑनलाइन शिकवणी, भावगीते यांसाठी एवढे पुरेसे आहे. डग्गा मात्र अर्धाच येतो.

त्याच्या वरची पायरी म्हणून दुकानदार बहुधा टू-पॉइंट-वन संच पुढे करतात: दोन लहान स्पीकर आणि खाली ठेवायचा सबवूफर. लॉजिटेकच्या झेड ३१३ सारखे संच चित्रपट आणि गेमसाठी घेतले तर पैसे वाया जात नाहीत. गाण्यासाठी मात्र स्वस्त संचांत एक खोट राहते. छोट्या स्पीकरचा आवाज जिथे संपतो आणि सबवूफरचा जिथे सुरू होतो, नेमक्या त्याच सांध्यात पुरुषी आवाजाचा मूळ स्वर येतो. तिथे भगदाड पडले की गायक पोकळ वाटतो आणि खालून एकाच सुराची गुरगुर येत राहते. शिवाय खर्ज भिंती आणि स्लॅब सहज भेदतो, त्यामुळे फ्लॅटमध्ये जमिनीवर ठेवलेला सबवूफर खालच्या मजल्यावरच्यांनाही ऐकावा लागतो.

गाणे ज्याच्या रोजच्या जगण्यात आहे त्याच्यासाठी खरी किंमत वसूल करते ती चार इंची कोनांची, स्वतःचाच अँप्लिफायर असलेली जोडी. एडिफायरची आर १२८० टी त्या जातीची: एमडीएफचा डबा, चार इंची वूफर, वरच्या स्वरांसाठी रेशमी घुमटाचा ट्वीटर, दोन्ही स्पीकर मिळून ४२ वॅट आरएमएस. दोन इंचीच्या तुलनेत चार इंची कोनाचे क्षेत्रफळ चौपट भरते, आणि वर पाहिलेल्या हिशेबाने ते एका सप्तकाची सोय करते. असा स्पीकर सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या आसपास पोहोचतो. तानपुऱ्याची खर्जाची तार इथे पहिल्यांदा तार म्हणून ऐकू येते. बाजूला बास आणि ट्रेबलची बटणे आहेत, त्यांचाही उपयोग आहे. बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले, की आवाज लहान केला की कानाला खर्ज आणखीच कमी ऐकू येतो. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याने म्हणूनच बास थोडा वाढवावा.

जुन्या संगीतनाटकांच्या ध्वनिमुद्रिकांचे शौकीन मात्र थोडक्यात भागवू शकतात. १९२५ च्या आधीची मुद्रणे कर्ण्यासमोर गाऊन केलेली असत; विजेचा मायक्रोफोन नव्हता. त्या तबकड्यांत खर्ज मुळात उतरलेलाच नाही, तो कोणताही स्पीकर नव्याने आणू शकत नाही. सबवूफरवर तिथे फक्त घरघर वाढेल.

ब्लूटूथ सोयीचे आहे, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. साध्या जोडणीत आवाज एक दशांश ते पाव सेकंद मागे राहू शकतो. नुसते गाणे ऐकताना ते जाणवत नाही. ऑनलाइन तबला शिकणाऱ्याला मात्र जाणवते: मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत पाव सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. अशा कामाला वायरच हवी. एकसंध ब्लूटूथ डब्याची दुसरी अडचण अशी की डावे-उजवे एकाच जागेतून येते. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये पेटंटसाठी मांडलेली स्टिरिओची किमया दोन स्पीकर एकमेकांपासून दूर असल्याशिवाय घडत नाही.

वायर लावल्यावर चार्जिंग चालू असताना गुणगुण ऐकू आली तर स्पीकर परत करण्याची घाई नको. चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष विजेच्या वाटेचा आहे, आणि आवाजाच्या वायरमध्ये बसवायचा छोटा ग्राउंड-लूप आयसोलेटर बहुतेक वेळा तो दूर करतो.

मांडणीला तर पैसाच लागत नाही, आणि तिच्यावरच लोक सर्वांत कमी लक्ष देतात. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. खाली दोन जाड पुस्तके ठेवली तरी चालते. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला की खर्ज फुगून गढूळ होतो, म्हणून वीतभर जागा सोडावी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाताना स्वतःचा लॅपटॉप न्यावा आणि पाठ झालेले एकच ध्वनिमुद्रण लावावे, ज्यात पुरुषाचा आवाज, डग्गा आणि टाळ तिन्ही असतील. भीमसेन जोशींचा कोणताही अभंग या कामी येतो. तुलना करताना दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा ठेवावा, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगला भासतो. टाळ कानाला टोचत असेल तर तो स्पीकर बाजूला ठेवावा. दोन हजारांच्या आतबाहेर खर्च करायचा असेल तर दोन इंची यूएसबी जोडी घ्यावी. रोज तासभर गाणे ऐकणाऱ्याने मात्र मधल्या पायरीवर पैसे न घालवता थोडे थांबावे आणि चार इंची जोडीच घ्यावी.