मोटारीवरची अँटेना

आमचे निम्मे आयुष्य कारखान्यांच्या दारांत सभा घेण्यात गेले. त्यामुळे चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही बोनस किंवा किमान वेतन सांगू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही 'मोटारीवरची अँटेना' सांगितली. ते हसले, पण नको म्हणाले नाहीत.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे रात्रशाळेत आणि मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात. हौशी रेडिओची, म्हणजे ज्याला लोक 'हॅम रेडिओ' म्हणतात त्याची, परीक्षा आम्ही पंचेचाळिशी उलटल्यावर दिली. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते विद्वानाचे नव्हे. पुस्तक पुढ्यात ठेवून, हात काळे करून आणि एकदा चांगलीच फजिती होऊन जे कळले ते आहे.

ती फजिती आधी सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. वीज गेली, कित्येक ठिकाणी मोबाईल बंद पडले. संघटनेतील चारसहा जण जीप घेऊन निघालो. जीपला टप होता कापडी. शहरात नुकतीच विकत घेतलेली चुंबकी बुडाची अँटेना आमच्याजवळ होती. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते, "कुठेही ठेवा, चालते." चुंबक कापडाला चिकटेना, म्हणून सुतळीने बांधला. पाण्याच्या कडेच्या एका वस्तीत दोन बाळंतिणी अडकल्या होत्या. त्यांच्यासाठी नाव मागवायची होती. आम्ही बोलत होतो आणि पलीकडचा गृहस्थ विचारत होता, "कोण आहे? पुन्हा बोला." त्याचा शब्द आम्हांस स्वच्छ ऐकू येई, आमचा एकही त्याला पोचत नव्हता. सेट चांगला, बॅटरी भरलेली, परवाना खिशात, आणि तोंड असून मुके अशी आमची गत! सुमारे दोन तास त्यात गेले.

दोष कशात होता? तो कळण्यासाठी अँटेना म्हणजे काय हे पाहावे लागेल.

टाळी एका हाताने वाजत नाही

रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातात. 300 या आकड्याला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. आपल्याकडे हौशी मंडळींना 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे. 300 भागिले 145, म्हणजे दोन मीटरांहून किंचित अधिक. म्हणूनच त्याला 'दोन मीटरचा पट्टा' म्हणतात. या लांबीचा चौथा हिस्सा होतो सुमारे 52 सेंटिमीटर. धातूच्या छडीत हे माप थोडे कमी भरते. व्यवहारात 49 सेंटिमीटरांच्या आसपास छडी पुरते. हीच पाव लहरीची अँटेना. सर्वांत साधी, सर्वांत स्वस्त.

पण ही छडी म्हणजे अर्धीच अँटेना आहे, हे लक्षात ठेवावे. सेटमधून येणारी वीज छडीत चढते तेव्हा तितकीच वीज दुसऱ्या बाजूने कशात तरी जावी लागते. हा दुसरा हात म्हणजे मोटारीचा पत्रा. छडीच्या बुडाभोवती निदान छडीच्या लांबीइतका पत्रा चहूकडे पसरलेला असला, की टाळी वाजते. चुंबकी बूड रंगाच्या पातळ थरातूनही पत्र्याशी हे नाते जोडू शकते. कापडाखाली मात्र पत्राच नव्हता. दुसरा हात नाही, म्हणून अँटेना सेटशी जुळेना. आणि अशी गाठ पडली की आजचे सेट स्वतःला जपण्यासाठी आपली शक्ती आपणच कमी करतात. पलीकडचा गृहस्थ उंच मनोऱ्यावरून भरपूर शक्तीने बोलत होता, म्हणून त्याचे ऐकू येत होते. दुबळ्या अँटेनेने ऐकणे कसेबसे भागते. बोलणे भागत नाही.

उपाय कोणी काढला? आमच्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या कारागिराने. एका बंद हॉटेलाच्या दारावरची मीटर-सव्वा मीटरची लोखंडी पाटी मालकाला विचारून उतरवली, टपावर आवळली आणि मधोमध चुंबक ठेवला. पहिल्याच हाकेला उत्तर आले. नाव आली, दोन्ही माउल्या सुखरूप बाहेर निघाल्या. पण ते दोन तास आमच्या मनातून अद्याप गेलेले नाहीत. विकत घेताना एक प्रश्न विचारला असता, तर ते वाया गेले नसते.

विकत घेताना

पहिला प्रश्न दुकानदाराला नव्हे, स्वतःला विचारावा: आपल्या गाडीचा टप कशाचा आहे? लोखंडी पत्रा असेल तर चुंबक चालेल. अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबर असेल तर चुंबक चिकटणारच नाही. आपल्या घरातला साधा चुंबक घेऊन टपावर फिरवावा. दमडी न खर्चता उत्तर मिळते.

दुसरा प्रश्न: किती लांब? दोन मीटरच्या पट्ट्यासाठी पाव लहरीची छडी आणि पाच-अष्टमांश लहरीची, म्हणजे सुमारे 1.3 मीटरची छडी, असे दोन नमुने नेहमी मिळतात. लांब छडी आपली शक्ती क्षितिजाकडे अधिक लोटते, म्हणून मोकळ्या माळावर तिचा पल्ला बरा. गल्लीबोळांत, घाटात, झाडांच्या फांद्यांत आखूड छडी सोयीची. शहरात फिरणाऱ्याने लांबीचा हव्यास धरू नये.

तिसरी गोष्ट, डेसिबेलचे आकडे. 3 डेसिबेल म्हणजे सुमारे दुप्पट. पण दुप्पट कशाच्या? एक कंपनी कल्पनेतल्या, सर्व दिशांना सारखी शक्ती फेकणाऱ्या बिंदूशी तुलना करते. दुसरी साध्या अर्ध्या लहरीच्या अँटेनेशी. या दोन मापांतच 2.15 डेसिबेलचा फरक आहे. म्हणजे माल तोच, पण आकडा मोठा! वेतनवाढीच्या करारात मूळ पगार कोणता धरला हे न पाहता टक्केवारीवर टाळ्या वाजवणारे आम्ही पुष्कळ पाहिले. इथेही पाया कोणता, हे विचारावे.

चौथी गोष्ट केबल. छडीवर पैसे टाकून केबलमध्ये काटकसर करणारे फसतात. ही केबल 50 ओहमची हवी; दूरदर्शनसाठी मिळणारी 75 ओहमची नव्हे. नेहमीच्या 'आरजी-58' जातीच्या पाच मीटर केबलमध्ये दोन मीटरच्या पट्ट्यावर सुमारे एक डेसिबेल, म्हणजे शक्तीचा पाचवा हिस्सा, वाटेतच आटतो. म्हणून केबल लागेल तेवढीच घ्यावी. उरलेली वेटोळी करून आसनाखाली कोंबू नये.

लांब पल्ल्याचा मोह

काहींना घरापासून शेकडो कोसांवर बोलायचे असते. त्यासाठी 7 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, 40 मीटरचा पट्टा आहे. इथे पाव लहर होते साडेदहा मीटर. एवढा खांब मोटारीवर कोण उभारणार? म्हणून अडीचेक मीटरच्या छडीला तारेचे वेटोळे जोडून ती 'लांब आहे' असे सेटला भासवतात. सेट फसतो, निसर्ग फसत नाही. अशा आखूड छडीतून लहरी निघण्याचा जो भाग असतो तो जेमतेम एकदोन ओहमचा, आणि वेटोळ्यात नि गाडीच्या सांध्यांत व जमिनीत जिरणारा भाग त्याच्या कित्येक पट. परिणाम असा, की शंभर वॅट टाकले तर दहाएक वॅट आकाशात जातात, बाकीची ऊब! तरीही त्या दहा वॅटांनी दूरवर बोलणे होते, हा या लहरींचा मोठेपणा. येथे जाड तारेचे मोठे वेटोळे, ते छडीच्या मध्यावर, आणि बॉनेट, दारे, डिकी यांना चेसिसशी जोडणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या, यांनी बराच फायदा होतो.

बसवताना

छडीची उत्तम जागा म्हणजे टपाचा मध्य. तिथे भोक पाडून पक्के बूड बसवणे हा सर्वांत चांगला मार्ग. पण नवी गाडी भोसकायला मन होत नाही, हे आम्ही जाणतो. त्याखालोखाल चुंबक, त्याखालोखाल डिकीच्या कडेला आवळायची पकड. ही पकड रंगावर नव्हे, उघड्या धातूवर आवळली पाहिजे. तिथला रंग खरवडून, स्क्रू घट्ट करून, वरून गंजरोधक लावावे. चुंबकाखाली धूळ राहिली तर तीच रंग खरवडते. म्हणून आठवड्यातून एकदा उचलून पुसावे. कोकणपट्टीत खारा वारा असतो. तिथे सांध्यांना आपोआप चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळल्यावाचून राहू नये. केबलमध्ये एकदा पाणी शिरले की ती केबल टाकून द्यावयाची.

केबल आत घेताना दाराच्या कडेत चेंगरू देऊ नये, आणि आत जाण्याआधी खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच गळून जाते. जिथे एअरबॅग दडलेल्या असतात त्या खांबांवरून केबल ओढू नये.

विजेची तार सिगारेट पेटवण्याच्या खाचेतून घेऊ नये. 50 वॅटचा सेट बोलताना दहाबारा अँपिअर ओढतो. ती खाच आणि तिच्या तारा त्यासाठी केलेल्या नाहीत. जाड तार थेट बॅटरीपासून आणावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घालावा. फ्यूज सेटजवळ घातला, तर वाटेत तार घासून पत्र्याला टेकल्यावर तो काय राखणार? आग तर वाटेतच लागलेली असते.

तपासताना

आधी मल्टीमीटर. साध्या पाव लहरीच्या छडीत केबलचा आतला गाभा आणि बाहेरची जाळी यांचा संबंध दिसता कामा नये. मात्र ज्यांच्या बुडात जुळणीचे वेटोळे असते त्यांत तो दिसू शकतो. तो दोष नव्हे.

मग एस. डब्ल्यू. आर. मीटर. अँटेनेने न स्वीकारता किती शक्ती परत धाडली हे तो सांगतो. आकडा 1.5 असेल तर 4 टक्के परत; 2 असेल तर 11 टक्के; 3 असेल तर 25 टक्के. दीडच्या आत आला की समाधान मानावे. 144 वर आकडा कमी आणि 146 वर जास्त, तर छडी लांब आहे. उलट असेल तर आखूड. कापावे एकेक मिलिमीटर, कारण एका मिलिमीटरने जुळणी सुमारे 0.3 मेगाहर्ट्झ सरकते, आणि कापलेले परत जोडता येत नाही.

पण या मीटरवर आंधळा भरवसा नको. खराब केबल परत येणारी शक्तीही वाटेतच जिरवते, आणि मग आकडा सुरेख दिसतो. अँटेनेच्या जागी नुसता 50 ओहमचा रोध लावला तरी आकडा उत्तम येतो आणि बाहेर काहीच जात नाही! ज्या कारखान्यातून एकही तक्रार येत नाही तिथे सारे सुखी आहेत असे मालक म्हणतो. आम्ही म्हणतो, तिथे जाऊन पाहावे. तसेच इथे. शेवटची परीक्षा एकच: दहाबारा किलोमीटरांवरच्या मित्राला विचारावे, "आमचे बोलणे पोचते का?"

जपायच्या गोष्टी

बोलत असताना छडीला कोणी हात लावू नये; भाजते. उंच गाडीवर लांब छडी लावली तर टोक चार मीटरांच्या वर जाते. विजेच्या तारा आणि रेल्वेचे फाटक ओलांडण्याआधी ती उतरवावी; रेल्वेच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात. पेट्रोल भरताना सेट बंद. आणि गाडी चालवणाऱ्याने मायक्रोफोन हातात घेऊ नये. शेजारच्याने बोलावे, नाहीतर गाडी कडेला घ्यावी.

परवान्यावाचून बोलणे हा गुन्हा आहे. आपल्या परवान्यात वाहनातून बोलण्याची मुभा आहे की नाही, हेही अँटेना घेण्याआधी वाचून पाहावे. हा रेडिओ धंद्यासाठी नाही. आमचेच सोबती विचारतात, "मग मोर्चाच्या वेळी वापरू या की!" आम्ही त्यांस नाही म्हणतो. शिकणे, प्रयोग करणे आणि आपत्तीत धावणे एवढ्यासाठी हे दान समाजाने हौशी माणसाला दिले आहे. 2001 च्या जानेवारीत कच्छचा भूकंप झाला, 2004 च्या डिसेंबरात अंदमानावर त्सुनामी आली, तेव्हा इतर साधने बंद पडल्यावर याच मंडळींनी निरोप पोचवले. अंदमानात तेव्हा भारती प्रसाद या बाई हौशी केंद्र चालवण्यासाठीच गेल्या होत्या. केंद्र हाताशी होते, चालू होते, तपासलेले होते, म्हणून कामास आले.

तात्पर्य, संकटाच्या दिवशी अँटेना बसवता येत नाही. ती कोरड्या दिवशी बसवून ठेवावी लागते. हॉटेलवाल्याला त्याची पाटी आम्ही पूर ओसरल्यावर परत नेऊन दिली. तिच्यावर चुंबकाचा गोल वळ उमटला होता. रंगवून देतो म्हटले, तर तो म्हणाला, "राहू द्या." जीपला मात्र त्यानंतर आम्ही लोखंडी टप करून घेतला.