मत विद्यार्थ्याचे, आधार पाठाचा

इंग्रजीच्या तासाला कविता शिकवून झाली की तिचा मध्यवर्ती विचार चार वाक्यांत उतरवून द्यावयाचा आणि विद्यार्थ्यांनी तो परीक्षेत जसाच्या तसा लिहावयाचा, ही प्रथा आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. तीमुळे गुण मिळतात. परंतु कविता प्रत्यक्षात वाचली कोणी, हा प्रश्न शिल्लक राहतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अध्ययन घोकंपट्टीपासून मुक्त करण्यावर भर दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही चिकित्सक विचारशक्तीला महत्त्व दिले आहे. हे उद्दिष्ट साहित्याच्या तासाला कसे साधावे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

केंब्रिजमधील प्रयोग

केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९२० नंतरच्या दशकात एक प्रयोग केला. कवींची नावे न सांगता त्यांनी विद्यार्थ्यांना काही कविता दिल्या आणि त्यांवरील मते मोकळेपणाने लिहावयास सांगितले. त्यांचे निष्कर्ष १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात प्रसिद्ध झाले. उच्च शिक्षण घेणारे अनेक विद्यार्थी कवितेचा साधा वाच्यार्थही चुकवितात, असे त्यांना आढळले. स्वतःच्या आठवणी आणि ठरीव प्रतिक्रिया कवितेवर लादून हे विद्यार्थी मोकळे होत होते. मत बनविण्याची घाई वाचनाच्या आड येते, हा या प्रयोगाचा धडा होय.

एक परिचित कविता

अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची 'द रोड नॉट टेकन' ही कविता १९१५ साली प्रथम प्रसिद्ध झाली. २००६ साली निघालेल्या 'बीहाइव्ह' या नववीच्या पाठ्यपुस्तकात तिचा समावेश होता. इतरांनी टाळलेली वाट धैर्याने निवडावी, असा तिचा संदेश सर्रास सांगितला जातो. तथापि, दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या होत्या, असे कवितेतील वाटसरू स्वतःच सांगतो. कमी रुळलेली वाट निवडल्याचे आपण पुढे कधीतरी सुस्कारा टाकून सांगू, असेही तो म्हणतो. शिवाय शीर्षक आहे ते न घेतलेल्या वाटेचे. इंग्लंडमधील वास्तव्यात फ्रॉस्ट आपले मित्र एडवर्ड थॉमस यांच्यासह फिरावयास जात. कोणत्या वाटेने जावे याविषयी थॉमस यांची होणारी घालमेल हे या कवितेचे निमित्त होते.

मग ही कविता धैर्याची, पश्चात्तापाची, की माणूस आपल्या निवडीला मागाहून कसा अर्थ देतो याची? प्रत्येक मताला कवितेत कमीअधिक आधार सापडतो. चर्चेला जागा मिळते ती येथेच.

वर्गातील कार्यपद्धती

प्रथम वाच्यार्थ पक्का करावा. नंतर प्रत्येक विद्यार्थ्याने आपले मत एका वाक्यात लिहावे आणि ज्या ओळीवर ते आधारलेले आहे ती अधोरेखित करावी. विरोधी मत मांडणाऱ्याने आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे. त्याने ते मान्य केल्यावरच प्रतिवाद करावा. ग्रामीण शाळांत पहिली चर्चा मराठीत होण्यास हरकत नसावी. विचार स्पष्ट झाला की 'आय थिंक', 'बिकॉज', 'आय डिसअग्री' अशा मोजक्या शब्दांच्या आधारे तो इंग्रजीत मांडणे सोपे जाते.

अर्थ अनेक संभवतात, म्हणून कोणताही अर्थ चालतो असे मात्र नव्हे. कवितेतील ओळच ज्याला खोडून काढते, ते मत टिकत नाही. शिक्षकाचे मतही याला अपवाद नाही.

मूल्यमापनाची कसोटी

ही पद्धत यशस्वी होणे बरेचसे परीक्षकावर अवलंबून आहे. मार्गदर्शिकेतील उत्तराशी न जुळणारे, परंतु पाठाच्या आधारे सिद्ध केलेले उत्तर चूक ठरविले गेले, तर तो विद्यार्थी पुन्हा स्वतःचे मत लिहिण्याचे धाडस करणार नाही. परस्परविरोधी दोन उत्तरांना, दोन्ही साधार असल्यास, सारखेच गुण मिळावयास हवेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी पालकांना ही भूमिका समजावून दिल्यास शिक्षकांचे काम सुकर होईल.

ग्रामसभेत एखादा ठराव नीट वाचून, त्यातील नेमक्या कलमावर बोट ठेवून बोलणारा नागरिक सर्वांनाच हवा असतो. विरोधकाचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याची सवय आणि आपले मत साधार मांडण्याची शिस्त त्याच्या अंगी शालेय वयातच बाणली पाहिजे. कवितेचा तास हे त्याचे एक उत्तम साधन आहे.