पदकावर मावलेलं वर्ष

पदक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शौर्य किंवा शर्यत येते. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी मात्र खिशात बाळगायची पितळी पदकं काढली आणि त्यांवर अख्खं वर्ष बसवलं: महिने, वार, सण, अमावास्या-पौर्णिमा. ही दिनदर्शिका-पदकं जमवणाऱ्यांचा मला फार आदर वाटतो, कारण एवढ्याशा जागेत इतकी अक्कल लावलेली दुसरी पदकं नाहीत.

चार-एक सेंटीमीटरच्या चकतीवर 365 तारखा सुट्या लिहायच्या तर अक्षर दिसणारच नाही. म्हणून ज्या महिन्यांची एक तारीख एकाच वारी येते ते महिने एका ओळीत घ्यायचे. 2026 सालच पाहा. फेब्रुवारी, मार्च, नोव्हेंबर रविवारी सुरू होतात. जानेवारी-ऑक्टोबर गुरुवारी, एप्रिल-जुलै बुधवारी, सप्टेंबर-डिसेंबर मंगळवारी. मे, जून आणि ऑगस्ट एकेकटे. बारा महिने सात ओळींत आटोपले, आणि 1 ते 31 चा एकच तक्ता सगळ्यांना पुरला. लीप वर्षात जोड्या बदलतात, ओळी सातच राहतात.

याच मांडणीमुळे, सालाचा आकडा झिजून गेला तरी पदक आपलं वय सांगतं. वारांची मांडणी काही वर्षांनी पुन्हा तीच येते. 2015 आणि 2026 चे वार हुबेहूब सारखे आहेत. पण चंद्र तेवढा जुळत नाही. 2015 च्या जानेवारीत पौर्णिमा 5 तारखेला होती, 2026 मध्ये ती 3 तारखेला आली. वार आणि पौर्णिमा एकत्र ताडून पाहिल्या की जाणकार सालापर्यंत पोहोचतो.

खुद्द कालगणनेच्या सुधारणेचंही पदक आहे. 1582 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले, 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आला. त्या पदकावर मेंढ्याचं डोकं, म्हणजे मेष रास आहे, कारण सारा खटाटोप वसंतसंपात जागेवर आणण्यासाठी होता.

व्हिएन्नाच्या टांकसाळीने ही परंपरा विसाव्या शतकात पुन्हा उचलली. तिथल्या वार्षिक दिनदर्शिका-पदकांवर त्या वर्षाचा अधिपती ग्रह असतो. हे आपल्याला परकं वाटू नये; गुढीपाडव्याला जो वार, त्याचा स्वामी वर्षाचा राजा, असं आपली पंचांगंही सांगतात.

ज्यांना नव्याने संग्रह करायचा आहे त्यांनी चकचकीत नमुन्यांमागे धावू नये. वर्षभर कुणाच्या तरी खिशात राहिलेलं, कडा गुळगुळीत झालेलं पदक बिनदिक्कत घ्यावं. आणि कृपा करून त्याला चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. घासताना सर्वांत आधी जातात ते बारीक आकडे, आणि ते गेले की साल ओळखायचा मार्गच बंद होतो.